दिवसाला एक चकवा

१२ जानेवारी

प्रिय मुंगे,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मी फोन हातात घेतला की सूनबाईंना नेमकं माझ्याच खोलीबाहेरचं कपाट आवरायचं सुचतं. तिला वाटतं, मी तिच्याबद्दल सांगते. सांगतेही थोडंफार, पण दर वेळी नाही. म्हणून म्हटलं, पत्र बरं. पाकीट चिकटवलं की झाली गोष्ट.

खुब्याचं हाड सांधलं म्हणतात डॉक्टर. काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते, पण तिथे मला करण्यासारखं काही नाही. या घरात गॅस आपला आपण बंद होतो. नळ आपला आपण थांबतो. दार आपलं आपण लागतं आणि वर 'लागलं' म्हणून सांगतं. सव्वीस वर्षं आपण दोघी औषधघराला कुलूप लावून फाटकापर्यंत जायचो आणि तिथून मी परत फिरायचे, कुलूप ओढून बघायला. तू हसायचीस, पण माझ्याबरोबर परत यायचीस. इथे काल मी दार ओढून बघितलं तर नातू म्हणाला, "आजी, त्याने सांगितलं ना लागलं म्हणून?" त्याने सांगितलं म्हणून मी विश्वास ठेवू? दार उघडं राहिलं तर त्याचं काय जाणार आहे? ज्याचं काही जात नाही त्याच्या भरवशावर मला बाई झोप येत नाही.

आता मुद्द्याचं. थोरल्या नर्सचा फोन आला होता, माझी चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या जागी रोबो बसवलाय, फार छान काम करतो हो." छान काम करतो! पडून मला तीन महिने झाले नाहीत. आणि हे मला थोरल्या नर्सकडून कळावं? तुझी बोटं मोडली होती का?

कसा आहे तो? माझ्या स्टुलावर बसतो का? सगळं लिही. मला काही वाईट वाटणार नाही.

तुझी,
दांडगी


१७ जानेवारी

दांडगे,

वाईट वाटणार नाही म्हणतेस आणि अक्षर बघ किती दाबून लिहिलंयस. पाकिटावरसुद्धा उमटलंय. हेच होईल म्हणून कळवलं नव्हतं. तुझं हाड सांधू दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. थोरल्या नर्सच्या पोटात काही राहत नाही.

तर ऐक. तो बसत नाही, कारण त्याला बसायला काही नाहीच. भिंतीला लावलेला एक लांब हात आहे, हाताच्या टोकाशी चिमटा, चिमट्याच्या वर एक भिंग आणि बाजूला पडदा. काम आपलंच. डॉक्टरांच्या कागदाच्या दोन प्रती, एक माझ्या हातात, एक त्याच्याकडे. मी मोठ्याने वाचते, खाट कितवी, औषध कोणतं, किती. तो आपल्या प्रतीशी ताडून बघतो, 'जुळलं' म्हणतो, खणातून औषध उचलतो आणि त्या खाटेच्या ट्रेमध्ये ठेवतो. तुझ्यासारखंच, फक्त मध्ये सुनेच्या गोष्टी नाहीत. दोन वॉर्डांचं काम साडेअकराला संपलं काल. मी नंतर काय करू कळेना, म्हणून खण पुसले.

तुझं स्टूल बाहेर बोळात ठेवलंय. त्यावर सगळे आपापल्या पिशव्या ठेवतात. मी दोनदा आत आणलं, पण त्याचा हात फिरताना स्टुलाला लागतो, म्हणून मोठ्या बाईंनी परत बाहेर ठेवायला लावलं. आपल्या मोठ्या बाई तुला ठाऊकच आहेत. सगळ्या औषधघराच्या मुख्य, पण एका स्टुलासाठी सुद्धा स्वतः चालत येतात.

एक बरं आहे, पडद्यावरची अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. कागदाची करता आली असती तर किती बरं झालं असतं. वाचायचं कागदावरूनच, असा नियम आहे. पण ट्रे पूर्ण झाला की मी पडद्यावर एकदा नजर टाकते. हरभऱ्याएवढी अक्षरं केलीत मी.

औषध वेळेवर घे. काठी सोडून चालायचा आगाऊपणा करू नकोस.

मुंगी


२२ जानेवारी

मुंगे,

बोळात! सव्वीस वर्षं बसले मी त्या स्टुलावर. त्याचा एक पाय आखूड होता त्याखाली घडी केलेला कागदसुद्धा मीच सरकवलेला. आणि आता त्यावर पिशव्या. मुलाला सांगितलं तर म्हणतो, "आई, स्टूल आहे ते." त्याला काय कळणार. त्याच्या ऑफिसात कुणाची खुर्ची कुणाची हेच ठरलेलं नसतं.

तुला वाटेल मी जळते. जळतेच. का नाही जळणार? सवत घरात आली की पहिली बायको ओवाळायला उभी राहत नाही. आणि साधीसुधी सवत नाही, जिला भूक नाही, डुलकी नाही, संडासला जायचं नाही, सून नाही. अशा सवतीशी भांडायचं तरी कसं?

पण मला एक सांग, त्याला काळजी वाटते का? तू आणि मी एक ट्रे बंद केला की पुढच्या ट्रेपर्यंत मनात मागचा घोळवत असायचो. घरी गेल्यावर जेवताना तुला आठवायचं, 'बारा नंबरच्या म्हातारीची पिवळी गोळी टाकली ना गं आपण?' आणि तू मला फोन करायचीस, आणि मी हो म्हणायचे, मग तू जेवायचीस. ती काळजी होती म्हणून माणसं जगली. हा 'जुळलं' म्हणतो आणि विसरतो. त्याच्या भरवशावर तू दोन वॉर्ड सोपवलेस?

मी सांगते ते कर. त्याला चकवा दे.

आपला नियमच आहे ना तो? दिवसातून एकदा, कुठल्याही वेळी, कागदावर एक असताना तोंडाने मुद्दाम भलतंच वाचायचं. समोरची जागी असेल तर म्हणेल, 'थांब!' मग हसायचं, 'पकडला' म्हणायचं आणि पुढे जायचं. समोरचीला नाही कळलं तर ट्रेवर झाकण पडायच्या आत वाचणारीने स्वतःच सांगायचं. आणि ही गोष्ट आपल्या दोघींच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. सव्वीस वर्षं आपण एकमेकींना असं जागं ठेवलं. आता त्याला ठेव. बघू तर खरं किती जागा आहे. एक दिवस तरी झोपेलच. तो झोपला की मला लगेच कळव, मग मोठ्या बाईंना काय सांगायचं ते मी बघते.

आणि ती अक्षरं मोठी करणं बंद कर. कुणी बघितलं तर काय म्हणेल? आपल्या डोळ्यांबद्दल कुणाशी बोलायची गरज नाही.

दांडगी


३ फेब्रुवारी

दांडगे,

सत्तावीस तारखेपासून रोज एक चकवा देतेय. आज सहावा झाला. सगळे पकडले त्याने. मनात म्हणशील, मुंगी सोपे देत असणार. सोपे नाहीत गं. चौथ्या दिवशी तर दोन सारख्या नावांची औषधं अशी गुंफली की तूही फसली असतीस. तो थांबला. चिमटा हवेत तसाच. पडद्यावर 'जुळत नाही' असं आलं आणि तो वाट बघत राहिला. मी नीट वाचलं, मग 'जुळलं', मग पुढचं.

मजा येत नाही, एवढंच. पकडल्यावर तो हसत नाही. 'काय गं, आज सकाळी सकाळीच?' असं म्हणत नाही. पण खोटं कशाला बोलू, चकवा शोधायच्या निमित्ताने मी पुन्हा नीट जागी राहते. सकाळी येताना रस्त्यातच विचार करत येते, आज कुठे द्यायचा. तुझी आठवण येते ती तेव्हा.

त्याच्याबद्दल मला राग नाही, हे तुला आवडणार नाही. मागच्या आठवड्यात घसा बसला होता. मी हळू वाचायला लागले तर तोही हळू झाला. मोठ्या बाईंसमोर एकदाही मला पुढे जा म्हणून टोकलं नाही. कामाला असा सोबती वाईट नाही. तुझी सर त्याला नाही, हे वेगळं सांगायला हवं का?

सुनेशी बोलत जा. ती कपाट आवरत असेल तर तिला म्हण, ये बस.

मुंगी


८ फेब्रुवारी

मुंगे,

घसा बसला होता तर मला कळवलं नाहीस. त्याला कळलं.

'सोबती वाईट नाही' हे वाचलं आणि दोन दिवस पत्र उशीखाली ठेवून दिलं. खोटं बोलून काय करू, माझ्या पोटात आग पडली. तुझा नवरा गेला तेव्हा महिनाभर तुझ्या घरी कोण झोपायला येत होतं? तुझा तो चिमटा? मी पायऱ्यांवरून पडले, तेव्हा रुग्णवाहिकेत माझा हात धरून रडलीस ती तूच ना? मग इतक्यात कसा गं बदली माणूस गोड लागायला लागला. माणूसही नाही. भिंतीचा हात.

तो हळू झाला म्हणजे त्याला तुझी माया आली असं समजू नकोस. त्याच्यात तसं बसवलेलं असतं. इथलं दारही मला 'सावकाश' म्हणतं. मी काही त्याच्या गळ्यात पडत नाही.

चकवा चालू ठेव. खाडा करू नकोस. रोज दे, आणखी अवघड दे. लक्षात ठेव, तो एकदाच चुकायला हवा. एकदाच. मग मोठ्या बाईंना मी स्वतः लिहीन की माणूस तो माणूस. काठीनेही आता मी जिना उतरते, अजून दीड वर्ष नोकरी होती माझी, ती मी मागून घेईन.

दांडगी


९ मार्च

मुंगे,

तीन पत्रं गेली माझी. एकाचंही उत्तर नाही. टपालात हरवायला तीनही हरवतात होय?

कळलं मला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुझे नव्वद झाले तरी संपत नाहीत. आता तुला माझी कशाला गरज. मागे कोण बारा नंबरच्या म्हातारीची चौकशी करायला फोन करायचं, आणि कोण रात्रीचं जेवण गार करून 'हो गं, टाकली' म्हणायचं, ते सगळं विसरलीस. तो विसरत नाही ना काही! मग त्यालाच विचार.

मी तुला काय काय सांभाळलंय ते तुला माहीत नाही. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण लिहीत नाही म्हणून नव्हतंच असं समजू नकोस.

तू आलीस तर आत घेईन. एरवी नाही.

दांडगी


१८ मार्च

दांडगे,

मोठ्या बाईंनी चौदा तारखेला मला बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता. तो 'जुळत नाही' म्हणतो ना, ते प्रत्येक वेळी नोंदलं जातं आणि आठवड्याला वर जातं. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो पुढे गेला म्हणजे झालं.

कागदावर लिहिलं होतं, सत्तावीस जानेवारी ते चौदा मार्च, कामाचे दिवस अडतीस, वाचणाऱ्या व्यक्तीच्या चुका एकेचाळीस. त्याच्या चुका शून्य. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षं काम केलंत, मला हे बघवत नाही. रोज एक चूक? मी तुम्हाला कागद हातात कसा देऊ?" पंचवीस तारखेपर्यंत खुलासा लिहून द्यायचाय. नाही दिला किंवा पटला नाही, तर कागद वाचायला दुसरी कुणीतरी येईल आणि मी घरी.

माझ्याकडे दुसरं काय आहे तुला माहीत आहे. तुला सून आहे, तिच्यावर चिडता तरी येतं. मी घरी बसून कुणाशी बोलू.

चकवा आपण कुणाला सांगायचा नाही असं ठरलं होतं. म्हणून तुला विचारते. सांगू का?

मुंगी


२१ मार्च

मुंगे,

सांग म्हणजे काय, मीच सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मोठ्या बाईंना लिहिलं आणि सूनबाईला धावत पोस्टात पाठवलं. तिने एक शब्द विचारला नाही. चपला घालून गेली. बाई तशी वाईट नाही.

मी लिहिलं, चकवा ही आमची सव्वीस वर्षांची पद्धत. मी सुरू केली, मुंगीने नाही. ती वाचणारी होती, पण कल्पना माझी. रोबोला चकवा द्यायलाही मीच पढवलं, माझ्याकडे तिची पत्रं आहेत, हवी तर पाठवते. का पढवलं तेही लिहिलं. लिहिलं की मला त्या यंत्राचा मत्सर वाटला आणि तो चुकावा म्हणून मी माझ्या मैत्रिणीच्या तोंडून रोज खोटं वदवून घेतलं. ही ओळ तीनदा खोडली. मग तशीच ठेवली.

आणि स्वच्छ लिहिलं, एकेचाळीसच्या एकेचाळीस चुका म्हणजे चकवेच आहेत. काही दिवशी दोन द्यायला मीच सांगितलं होतं. माझी सही आहे खाली. तुलाही विचारलं तर हेच सांग. दोन शब्द इकडेतिकडे होऊ देऊ नकोस.

तुझ्या पायावर धोंडा मी पाडला, मुंगे. तो चुकेल चुकेल म्हणून टपून बसले आणि मोजल्या गेल्या तुझ्या चुका. माझ्या जिवाला चैन नाही. लगेच उत्तर दे, दोन ओळी का होईना.

दांडगी


२ एप्रिल

दांडगे,

मोठ्या बाईंनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. तू तुझ्याबद्दल लिहिलंस ते वाचून मला रडू आलं. ते लिहायला तुला किती जड गेलं असेल, मला माहीत आहे. तुझ्या पत्राने मी वाचले असते. मोठ्या बाई म्हणाल्या, "अशी पद्धत असेल तर प्रश्नच मिटला. तुम्ही फक्त लिहून द्या की एकेचाळीसही मुद्दाम केलेल्या."

मी लिहून दिलं नाही. अडतीस मुद्दाम होत्या. तीन नव्हत्या.

तू दोन द्यायला कधीच सांगितलं नव्हतंस. आपला नियम दिवसाला एकच. पहिली झाली सतरा फेब्रुवारीला. मी सकाळीच त्या दिवसाचा चकवा देऊन बसले होते आणि दुपारी तो परत थांबला. मी कागद खिडकीशी नेला तेव्हा दिसलं, आठ होता, मी तीन वाचला होता. त्या दिवसापासून तुला लिहिणं थांबवलं. तुला कसं सांगू कळेना. रोजचा चकवा मात्र देत राहिले, कारण तो देत होते तोवर मला स्वतःला म्हणता येत होतं की तीही त्यातलीच एक. दुसरी झाली तेव्हाही तसंच म्हटलं.

तिसरी सहा मार्चला. लहान मुलांचा वॉर्ड, खाट चार. कागदावर टिंब पाच होतं. मी पाच वाचलं. टिंब मला दिसलंच नाही. दहापट औषध झालं असतं. पोराचं वय काय माहीत आहे? चौदा महिने.

तू समोर असतीस तर तूही थांबवलं असतंस, यात मला शंका नाही. तुझे कान कधी चुकले नाहीत. पण तू 'पकडला!' म्हणून हसली असतीस, आणि मीही हसले असते, आणि आपण पुढच्या खाटेवर गेलो असतो. असं याआधीही झालंय, दांडगे. कितीदा ते मी मोजलं नाही. तू हसलीस की मला वाटायचं, असेल, चकवाच असेल, मीच ठरवलेला विसरले असेन.

तो हसला नाही. म्हणून मला कळलं.

त्याला काळजी नाही म्हणतेस, ते खरं आहे. त्या मुलाला काही झालं असतं तर त्याला काहीच वाटलं नसतं. मला जन्मभर वाटत राहिलं असतं. पण थांबवलं त्याने, मी नाही. मी नुसती काळजी करत होते आणि चूक वाचत होते. आता मला कुणी विचारलं की यंत्रावर विश्वास ठेवायचा का, तर मी काय सांगू? मी म्हणेन, माझ्या डोळ्यांवर तरी ठेवू नका.

मोठ्या बाईंनी माझ्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा चांगलाच पिकलाय. डॉक्टर म्हणाले, "तीनचार वर्षं तरी झाली असतील, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" वीस तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. तोवर मी बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवते. नंतर मोठ्या बाई स्वतः माझ्याकडून कागद वाचून घेणार आणि मग ठरवणार. घालवली नाही त्यांनी मला. ठेवतील असंही म्हणाल्या नाहीत.

तुझ्या सहीखालचं खोटं मी खोटं आहे म्हणून लिहून दिलं, याचा राग आला असेल तर सांग. ऑपरेशनला माझी भाची येणार आहे बरोबर, तेव्हा त्याची काळजी करू नकोस.

मुंगी


६ एप्रिल

मुंगे,

राग आला नाही. काल दिवसभर तुझं पत्र घेऊन नुसती बसून होते. सूनबाईने विचारलं, "काय झालं?" तर तिला सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आई, तुम्हाला माहीत होतं ना?" तिला कसं कळलं देव जाणे. तुला कळायच्या आत मीच सांगते.

मला माहीत होतं. चार वर्षं झाली. तू कागद खिडकीकडे तिरका धरायला लागलीस तेव्हापासून. पहिल्यांदा तू दिवसात दोन चकवे दिलेस, तेव्हा दुसऱ्याच्या वेळी तुझा चेहरा मी बघितला होता. तुला काही कळलेलंच नव्हतं. मी मोठ्याने हसले, 'पकडला' म्हटलं, आणि तुझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर मी तुझा प्रत्येक शब्द कागदाशी दोनदा ताडायला लागले. डोळ्यांत तेल घालून बसायचे मी. तुला वाटायचं, म्हातारपणी मी हळू झालेय. मला वाटायचं, बघा, मी हिला सांभाळतेय.

सांभाळत नव्हते. तुला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट. ती का नाही केली ते आज लिहिते, कारण परत लिहिण्याचं धैर्य होणार नाही. नेलं असतं तर तुला कागदावरून उठवलं असतं, आणि माझ्यासमोर दुसरी कुणी बसवली असती. महिनाभर का होईना. मला दुसरी कुणी नको होती. तुला दुसरी कुणी मिळाली असती तर तेही नको होतं. यंत्र आलं तेव्हा माझ्या पोटात जी आग पडली ती नवी नव्हती, मुंगे. ती चार वर्षांपूर्वीचीच. त्या वेळी तिच्यापायी तुझे डोळे गेले, या वेळी नोकरी जायची वेळ आली, आणि मध्ये ते चौदा महिन्यांचं पोर. मी पडले नसते, तर अजूनही तिथे बसून हसत असते.

त्याला मत्सर नाही. म्हणून त्याने तुला सांगितलं. मी नाही सांगितलं. यापुढे त्याच्याबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही. निघाला तर माझी मी आवरेन.

मोठ्या बाईंनाही मी आज दुसरं पत्र टाकलंय. त्यात हे सगळं आहे, आता खोटं काही नाही. सहीही आहे.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण आधी तुला नीट दिसू दे, मग माझ्या तोंडाकडे बघून ठरव.

अठरा तारखेला येते मी. मुलगा नको म्हणाला, सूनबाई म्हणाली, "मी सोडते त्यांना." तुझ्या घरी उतरेन, काठी आहे, जिना चढते. वीसला दवाखान्यात मी बसेन तुझ्याजवळ, डोळ्यावरची पट्टी सोडतील तेव्हाही. औषधाचे थेंब मी घालेन, वेळ लिहून ठेवून, दर वेळी सूनबाईला फोनवर वाचून दाखवून. भाचीला सांग, ती नाही आली तरी चालेल.

तुझी,
दांडगी